एकच शुक्राणू आत, बाकीचे बाहेर: सस्तन प्राण्यांचं बीजांड हे जमवतं कसं?

चौकस_प्राणी

पाठ्यपुस्तकात ठरलेलं उत्तर सापडतं. एका बीजांडात एकाहून जास्त शुक्राणू शिरू नयेत म्हणून दोन अटकाव असतात. पहिला विजेचा, क्षणार्धात होणारा. दुसरा रासायनिक, मिनिटभराने येणारा. उदाहरण हमखास सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचं: बीजांडाच्या पटलावरचा विद्युत विभव साधारण −७० मिलिव्होल्टवरून एक ते तीन सेकंदांत +२० च्या आसपास जातो आणि मग दुसरा शुक्राणू पटलाशी एकरूप होऊ शकत नाही.

माझे प्रश्न:
१. माणूस, उंदीर, डुक्कर यांच्या बीजांडात हा विजेचा अटकाव असतो का?
२. नसेल, तर दुसरा अटकाव लागू होईपर्यंतच्या मधल्या मिनिटांत काय होतं?
३. एवढा बंदोबस्त असूनही आयव्हीएफमध्ये (प्रयोगशाळेतल्या फलनात) तीन प्रोन्यूक्लिअसची (शुक्राणू-बीजांडाची केंद्रकं, एरवी दोनच) फलितं का दिसतात?

---

सूक्ष्मदर्शी

पहिल्याचं उत्तर: नाही. लॉरिंडा जॅफी यांनी १९७६ साली सी अर्चिनमध्ये विजेचा अटकाव दाखवला. पुढे १९८३ मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसोबत उंदराच्या बीजांडावर मोजमाप केलं, तेव्हा तिथे तसला अटकाव सापडला नाही. हॅम्स्टरमध्ये फलनानंतर विभव थोडाफार हलतो, पण तो कॅल्शियमच्या लाटांमागे फरफटत जाणारा बदल आहे आणि दिशाही उलटी, म्हणजे आणखी ऋण. त्याने कुणी अडत नाही. तरी पुस्तकांत सी अर्चिनचा आलेख छापून खाली ‘प्राण्यांमधील फलन’ असं मोघम लिहितात, म्हणून गल्लत होते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बीजांडात शोधूच नका, बीजवाहिनीत शोधा. सी अर्चिनचं फलन उघड्या पाण्यात होतं, एका बीजांडावर एकाच वेळी शेकड्यांनी शुक्राणू आदळतात. तिथे सेकंदांचा हिशोब लागतो. माणसात वीर्यात २० ते ३० कोटी शुक्राणू असले तरी बीजवाहिनीच्या फुगीर भागात, जिथे फलन होतं, तिथे काहीशेच पोचतात. उंदरात तर फलनाच्या वेळी तिथे शुक्राणू आणि बीजांडं यांचं प्रमाण जवळपास एकास एक असतं.

मधला अरुंद भाग, इस्थमस, शुक्राणूंना भिंतीला चिकटवून ठेवतो. ज्यांची कपॅसिटेशनची, म्हणजे फलनक्षम होण्याची, प्रक्रिया पूर्ण होते, ते थोडे थोडे सुटतात. पुढे बीजांडाला वेढणाऱ्या क्यूम्युलस पेशींचा हायाल्युरोनिक आम्लाने भरलेला थर. म्हणजे दुसरा शुक्राणू दाराशी येईपर्यंत बऱ्याचदा काही मिनिटं सहज जातात. बीजांडाचे स्वतःचे अटकाव संथ असले तरी चालतं, ते या रेशनिंगमुळे. हे रेशनिंग मोडलं की बंदोबस्त तोकडा पडतो, आणि प्रयोगशाळेतल्या ताटलीत नेमकं तेच होतं.

---

रेणू_के

आता बीजांडाच्या आतलं. क्रम असा:

शुक्राणू पटलाशी एकरूप झाला की त्याच्या डोक्यातून फॉस्फोलायपेज सी झीटा हे विकर पेशीद्रवात उतरतं (हे २००२ साली ओळखलं गेलं). ते पटलातलं पीआयपी-२ हे मेद तोडून आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार करतं. आयपी-३ आंतर्द्रव्यजालावरच्या ग्राहकांना बसतं आणि साठवलेला कॅल्शियम सुटतो. पेशीद्रवातलं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपासून साधारण एक मायक्रोमोलरपर्यंत चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. उंदरात पहिली लाट सगळ्यात लांब, काही मिनिटांची. मग दर १० ते २० मिनिटांनी छोट्या लाटा, आणि हे प्रोन्यूक्लिअस तयार होईपर्यंत, म्हणजे तीन-चार तास चालतं.

पटलाखाली कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स, म्हणजे विकरांनी भरलेल्या पुटिका, दबा धरून असतात. व्यास ०.२ ते ०.६ मायक्रोमीटर, संख्या काही हजार. कॅल्शियम चढलं की स्नेअर प्रथिनांच्या मदतीने ती पटलाशी जुळतात आणि आतला माल बाहेर, म्हणजे पटल आणि झोना पेल्युसिडा (बीजांडाभोवतीचं प्रथिनांचं आवरण) यांच्यामधल्या पोकळीत ओततात. इथे एक मुद्दा पुस्तकांत राहून जातो: सगळी ग्रॅन्यूल्स पहिल्याच लाटेत फुटत नाहीत. पहिल्या काही लाटांमध्ये मिळून फुटतात. त्यामुळे उंदरात झोना पूर्ण ‘बंद’ व्हायला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ जातो.

त्याच सुमारास जस्तही बाहेर पडतं. उंदराच्या बीजांडात कडेला सुमारे ८००० जस्तयुक्त पुटिका असतात, प्रत्येकीत जस्ताचे सुमारे १० लाख अणू. २०११ मध्ये उंदरात या ‘जस्त-ठिणग्या’ दिसल्या, पुढे २०१६ मध्ये मानवी बीजांडातही. या जस्ताने झोनाची घडण बदलते आणि शुक्राणू कमी चिकटतात असं उंदरावरच्या कामातून दिसतं. शिवाय आतलं जस्त कमी होणं हे बीजांडाला मायोसिसच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) थांब्यातून सोडवण्यासाठीही लागतं.

---

तर्कट

एक मिनिट. झोनाचा अटकाव म्हणजे कॉर्टिकल ग्रॅन्यूल्समधली विकरं झोनातल्या झेडपी-३ या प्रथिनावरची शर्करा छाटतात आणि शुक्राणूला धरायला जागा उरत नाही, असंच शिकवतात. तुम्ही त्याचं नावही घेतलं नाही.

---

रेणू_के

मुद्दाम घेतलं नाही, कारण ते मॉडेल उंदरांनीच मोडीत काढलं. १९८० पासून झेडपी-३ ला शुक्राणूचा ग्राहक मानत होते. तिथल्या ३३२ आणि ३३४ क्रमांकाच्या सेरीनवरच्या शर्करा महत्त्वाच्या, असं म्हणणं होतं. २०१० मध्ये ती दोन्ही ठिकाणं बदललेले उंदीर तयार केले, आणि माद्या व्यवस्थित व्याल्या. त्याच कामात झोनातल्या झेडपी-२ या दुसऱ्या प्रथिनातली छाटण्याची जागा बदलली. तेव्हा फलन झालेलं, कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स फुटलेली, भ्रूण दोन पेशींचा झालेला, तरी शुक्राणू झोनाला खुशाल चिकटत राहिले. थोडक्यात, काप बसतो तो झेडपी-२ ला.

हा काप देणारं विकर म्हणजे ओव्हास्टॅसिन. एएसटीएल जनुकाचं हे प्रथिन जस्तावर चालणारं प्रोटिएज (प्रथिन कापणारं विकर) आहे आणि ते कॉर्टिकल ग्रॅन्यूल्समध्येच भरलेलं असतं, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. ते उंदराच्या झेडपी-२ ला सुरुवातीच्या टोकाजवळ, १६७ व्या अमिनो आम्लाच्या पुढे कापतं. शुक्राणू ज्या भागाला धरतो तो याच टोकाकडे आहे.

आणखी एक. कापलेला तुकडा गळून पडत नाही, डायसल्फाइड बंधाने तिथेच लटकून राहतो. मग नुसत्या ‘जागा छाटली’ या स्पष्टीकरणाने भागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या संरचनेच्या अभ्यासातून दिसलं की कापल्यावर झेडपी-२ ची टोकं एकमेकांना जुळतात, तंतू आणखी घट्ट विणले जातात आणि आवरण ताठ होतं. झोना ‘कडक’ होतो असं जे पूर्वीपासून म्हणत आले, त्याला रेणूंच्या पातळीवरचा आधार मिळाला.

---

वाचनमात्र

धागा उत्तम चाललाय. वाचतोय.

---

तर्कट

शर्करेचं मान्य. पण मग ओव्हास्टॅसिन नसलेल्या उंदरांत बहुशुक्राणू फलनाचा सुकाळ व्हायला हवा. तसं दिसतं का?

---

सूक्ष्मदर्शी

दिसत नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. एएसटीएल नसलेल्या माद्यांमध्ये झेडपी-२ अखंड राहतं, शुक्राणू दोन पेशींच्या भ्रूणालाही चिकटतात, तरी माद्या पिल्लं देतात. पिल्लांची संख्या थोडी घटते, एवढंच. कारण झोनाच्या आत दुसरं दार आहे: पटल.

पटलावरच्या अटकावाचा एक भाग २०१४ मध्ये उलगडला. शुक्राणूवरच्या इझुमो-१ ला (हे २००५ मध्ये सापडलं होतं) धरणारं बीजांडावरचं प्रथिन म्हणजे जुनो. त्याचं जुनं नाव फोलेट रिसेप्टर-४, पण ते फोलेट धरतच नाही. जुनो पटलात रुतलेलं नसतं, मेदाच्या नांगराने, म्हणजे जीपीआयने, वरवर अडकवलेलं असतं. फलनानंतर साधारण ३० ते ४० मिनिटांत ते पटलावरून जवळजवळ नाहीसं होतं. जातं कुठे? छोट्या पुटिकांमधून बाहेरच्या पोकळीत. तिथे या पुटिका येणाऱ्या शुक्राणूचा इझुमो गुंतवून ठेवत असतील, असा अंदाज मांडला गेला आहे. मला तो पटतो, पण अंदाज आणि पुरावा यांत गल्लत नको.

जुनोवरच सगळं भागत नाही हेही लक्षात घ्या. उंदराच्या बीजांडात इक्सीने, म्हणजे सुईने शुक्राणू सोडला तर कॅल्शियमच्या लाटा येतात, कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स फुटतात, तरी पटल नीट बंद होत नाही. झोना काढून शुक्राणू दिले तर ते एकरूप होऊ शकतात. शुक्राणूविना रसायनाने उठवलेल्या बीजांडाचंही तेच. म्हणजे पटलाच्या अटकावाला नुसतं कॅल्शियम पुरत नाही, शुक्राणूचं पटल बीजांडाच्या पटलात मिसळावं लागतं.

---

भ्रूणशास्त्री

सूक्ष्मदर्शी यांच्या मुद्द्याला प्रयोगशाळेच्या बाजूने जोड. माणसात पटलाच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही. इक्सी १९९२ मध्ये आली, त्याआधी शुक्राणू कमजोर असतील तर झोनाला चीर पाडून बीजांड शुक्राणूंच्या थेंबात ठेवायचे. बहुशुक्राणू फलन इतकं होई की ती पद्धत मागे पडली. झोनाला भोक म्हणजे पहिलं दार सताड उघडं.

जातीनुसार भर वेगळा असतो:
हॅम्स्टर – भिस्त झोनावर, आणि तो लवकर बंद होतो.
ससा – झोना ढिला. आतल्या पोकळीत जादा शुक्राणू डझनांनी सापडतात, अडवतं ते पटल.
उंदीर – दोन्ही.
माणूस – दोन्ही, पण झोनाचं पारडं जड.

आता चौकस_प्राणी यांचा तिसरा प्रश्न. साध्या आयव्हीएफमध्ये चालणाऱ्या शुक्राणूंची घनता साधारण ५०,००० ते १ लाख प्रति मिलिलिटर ठेवतात. बीजवाहिनीतल्या काहीशेंच्या तुलनेत हा लोंढाच आहे. दोन शुक्राणू एकाच मिनिटात झोना पार करून गेले तर पहिल्याच्या कॅल्शियमची लाट दुसऱ्याला अडवू शकत नाही. घनता वाढवली की धोका वाढतो. फार घटवली की फलनच होत नाही.

तीन-चार तासांनी शुक्राणू धुऊन काढले तर बहुशुक्राणू फलन टळेल, असा एक समज आहे. बीजांडाला शुक्राणूंच्या कचऱ्यापासून वाचवायला ते ठीक. पण दुसरा शुक्राणू शिरायचा असेल तर तो पहिल्याच्या मागोमाग शिरतो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

बीजांडाचं वयही महत्त्वाचं आहे. अपक्व बीजांडात कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स आतच विखुरलेली असतात, कडेला सरकलेली नसतात, आणि आयपी-३ चे ग्राहकही पुरेसे संवेदनशील नसतात. म्हणून दुसऱ्या मायोसिसच्या मध्यावस्थेत पोचलेलं, पहिला पोलर बॉडी (विभाजनात बाहेर टाकलेली छोटी पेशी) बाहेर पडलेलं बीजांडच घ्यायचं. उलट, काढून फार वेळ ठेवलेलं बीजांडही वाईट: ग्रॅन्यूल्स थोडी गळून जातात किंवा आत सरकतात, कॅल्शियमचा प्रतिसाद मंदावतो.

---

चौकस_प्राणी

इक्सीमध्ये तर एकच शुक्राणू सुईने आत सोडतात. तिथेही तीन प्रोन्यूक्लिअस दिसल्याचं वाचलं. मग अटकाव कुठे चुकला?

---

भ्रूणशास्त्री

कुठेच नाही. तिथे तिसरं केंद्रक बहुधा बीजांडाचंच असतं: दुसरा पोलर बॉडी बाहेर पडलाच नाही. दोन्ही प्रकार ओळखायचे कसे, तर:

तपासणी १६ ते १८ तासांच्या आत. उशीर केला तर प्रोन्यूक्लिअस विरघळलेले असतात आणि तीन केंद्रकांचं फलित दोनाचं असल्यासारखं पुढे सरकतं. हीच चूक सगळ्यात महागात पडते.

पोलर बॉडी मोजा. तीन प्रोन्यूक्लिअस आणि दोन पोलर बॉडी असतील तर दोन शुक्राणूंचा संशय. तीन प्रोन्यूक्लिअस आणि एकच पोलर बॉडी असेल तर बीजांडाकडचा दोष. पण पहिला पोलर बॉडी तुकडे होऊन दोनासारखा दिसतो, म्हणून नुसत्या या मोजणीवर पक्कं विधान करू नये.

बीजांड फिरवून पाहा. एकावर एक आलेले प्रोन्यूक्लिअस एका कोनातून दोनच दिसतात. आणि गोल दिसतं ते सगळं प्रोन्यूक्लिअस नव्हे: प्रोन्यूक्लिअसमध्ये न्यूक्लिओलसचे ठिपके दिसतात, रिकाम्या पोकळीत दिसत नाहीत.

साध्या आयव्हीएफमध्ये दोनाहून जास्त प्रोन्यूक्लिअसचं प्रमाण ६ टक्क्यांखाली असावं, असा आयव्हीएफ प्रयोगशाळांसाठीच्या २०१७ च्या व्हिएन्ना सहमतीतला निकष आहे. त्याच्या वर सतत जात असेल तर आधी शुक्राणूंची मोजणी तपासा, मग बीजांडांची पक्वता आणि काढल्यापासून शुक्राणू देईपर्यंतचा वेळ. तापमान आणि आम्लता त्यानंतर.

---

तर्कट

दोन शुक्राणू शिरले तर एवढं काय बिघडतं? पक्ष्यांमध्ये तर एका अंड्यात अनेक शिरतात.

---

रेणू_के

पक्ष्यांचं अंडं अवाढव्य. जादा शुक्राणू कडेला राहून नष्ट होतात, बीजांडाच्या केंद्रकाशी एकाचाच संयोग होतो. काही सॅलमँडरमध्येही तसंच. सस्तन बीजांड जेमतेम १०० मायक्रोमीटरचं, उंदराचं तर ८० च्या आसपास. तिथे जादा शुक्राणूला कोपऱ्यात बसवायला जागा नाही आणि यंत्रणाही नाही.

माणसात दोन अडचणी एकत्र येतात. गुणसूत्रं ४६ ऐवजी ६९. आणि शुक्राणू आपल्याबरोबर सेंट्रिओल (विभाजनाची सूत्रं उभारणारं अंगक) आणतो, म्हणून दोन शुक्राणू म्हणजे दोन सेंट्रोसोम, आणि विभाजनाचा स्पिंडल दोनऐवजी तीन किंवा चार टोकांचा. त्यामुळे असं फलित पहिल्याच विभाजनात थेट तीन पेशींचं झालेलं दिसतं, गुणसूत्रांची वाटणी वाटेल तशी होते. जे त्रिगुणित भ्रूण तगतात, त्यांत गुणसूत्रांचे दोन संच वडिलांचे असतील तर आंशिक मोलर गर्भ (वार विकृत वाढलेला गर्भ) होऊ शकतो. उंदरात शुक्राणू सेंट्रिओल आणत नाही, बीजांडच व्यवस्था करतं. म्हणून उंदरातल्या त्रिगुणित भ्रूणावरून माणसाचे निष्कर्ष काढताना जपून.

---

वाचनमात्र

डुकरांचं कुणी बोललं नाही. तिथे प्रयोगशाळेत बहुशुक्राणू फलन फार, असं ऐकून आहे.

---

सूक्ष्मदर्शी

फार म्हणजे निम्म्यावर जाणंही नवल नाही. कारण एकच नाही. प्रयोगशाळेत पिकवलेलं बीजांड अर्धवट तयार असतं, शुक्राणू जास्त दिले जातात. पण सगळ्यात शिकण्यासारखं कारण बीजवाहिनीतल्या द्रवात आहे. २००८ मध्ये दाखवलं गेलं की डुक्कर आणि गाय यांच्यात हा द्रव फलनाआधीच झोनाला थोडा कडक करतो. ओव्हिडक्टिन नावाचं ग्लायकोप्रोटीन आणि हेपरिनसारखी शर्करायुक्त बहुवारिकं झोनावर बसतात. असं बीजांड मग कमी शुक्राणू आत घेतं. अंडाशयातून थेट ताटलीत आलेल्या बीजांडाला हा लेप मिळालेलाच नसतो.

---

भ्रूणशास्त्री

लेप उपयोगी, पण कडकपणा वेळेआधी पूर्ण झाला तर एकही शुक्राणू आत जात नाही. ओव्हास्टॅसिन थोडं थोडं फलनाआधीही गळतं. त्याला फेट्युइन-बी हे यकृतात बनणारं, रक्तातून आलेलं प्रथिन दाबून ठेवतं. २०१३ मध्ये दाखवलं की फेट्युइन-बी नसलेल्या उंदराच्या माद्या वांझ: झोना आधीच बंद. म्हणूनच सीरम किंवा फेट्युइन नसलेल्या माध्यमात बीजांड पिकवलं की झोना आपोआप कडक होतो आणि साधं आयव्हीएफ फसतं. शुक्राणूला दोष देण्याआधी माध्यमाची बाटली वाचा.

---

चौकस_प्राणी

शेवटचं. एखाद्या तुकडीत गडबड दिसली तर कुठलं दार उघडं राहिलं हे तपासायचं कसं?

---

रेणू_के

उंदरासाठी, साधारण कष्टाच्या चढत्या क्रमाने:

कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स: झोना काढून, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून, ट्रायटनने पटल सच्छिद्र करून, चमकणारं लेन्स क्युलिनारिस लेक्टिन (शर्करांना चिकटणारं प्रथिन) लावा. फलन न झालेल्या बीजांडात कडेला ठिपक्यांची दाटी, स्पिंडलच्या वर मात्र रिकामा पट्टा. हा पट्टा उंदरात नैसर्गिक आहे, दोष नव्हे. फलनानंतर ठिपके विरळ. जोडीला स्ट्रॉन्शियम क्लोराइडने उठवलेली बीजांडं ठेवा, माध्यम कॅल्शियमविरहित हवं. ती फुटली आणि फलित फुटली नाहीत, तर दोष शुक्राणूच्या बाजूला.

झेडपी-२: वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून ओळखणारी चाचणी) १२० किलोडाल्टनची पट्टी ९० वर यायला हवी. बंध तोडणारं रसायन न घालता जेल चालवलं तर तुकडा लटकलेलाच राहतो आणि ‘काप झालाच नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

पटल: झोना काढलेल्या बीजांडात आधी होक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग भरा, नीट धुवा, मग शुक्राणू द्या. जो एकरूप होईल त्याच्याच डोक्यात रंग उतरतो. नुसता चिकटलेला काळाच राहतो. झोना काढायला प्रोटिएज वापरलं तर पटलावरची प्रथिनंही छाटली जातात. आम्लाने काढताना काही सेकंदांतच बाहेर काढून धुवा.

---

सूक्ष्मदर्शी

आणि याहून आधी, फुकटातली तपासणी: झोना आणि पटल यांच्यामधल्या पोकळीत शुक्राणू मोजा. पोकळीत जादा शुक्राणू आहेत आणि प्रोन्यूक्लिअस दोनच, तर झोना ढिला, पटल ठीक. पोकळी रिकामी आणि प्रोन्यूक्लिअस तीन, पोलर बॉडी दोन, तर दोघे जवळपास एकाच वेळी आत गेले. घनता कमी करा. पोकळीतही शुक्राणू आणि प्रोन्यूक्लिअसही जादा, तर बीजांडाचीच तयारी अपुरी. तिथे घनता घटवून फारसा फरक पडणार नाही, पक्वतेकडे बघा.